सर्फॅक्टंट दिलं की सुधारायची, मग पुन्हा बिघडायची

प्रश्न

सप्रेम नमस्कार. आम्ही सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. बायको माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. पहिलंच बाळंतपण. पोटात पाणी कमी आहे म्हणून ३८व्या आठवड्यात सिझर केलं. मुलगी झाली, वजन २ किलो ८०० ग्रॅम, जन्मताच रडली. तासाभरात तिला धाप लागली, प्रत्येक श्वासाला कण्हायला लागली. तालुक्याच्या गावाहून मोठ्या इस्पितळात हलवलं, दुसऱ्या दिवशी व्हेंटिलेटर लावला. फुफ्फुसात सोडायचं महागडं औषध दोनदा दिलं. दोन्ही वेळा तिला द्यावा लागणारा ऑक्सिजन ९० टक्क्यांवरून ४५ वर आला, आम्हाला वाटलं सुटलो. दहा-बारा तासांत पुन्हा ९०. इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल, रक्तात जंतू नाहीत. तेविसाव्या दिवशी ती गेली. डॉक्टरांनी फुफ्फुसाचा छोटा तुकडा तपासायला मागितला होता, माझ्या वडिलांनी नको म्हटलं. आता महिन्याभरानं जनुक तपासणीचा रिपोर्ट आलाय: ‘एबीसीए-३, होमोझायगस, लाइकली पॅथोजेनिक’.

आई म्हणते, सातव्या महिन्यात ग्रहण होतं तेव्हा हिनं विळी हातात घेतली. मामी म्हणते, फुफ्फुसाची इंजेक्शनं वेळेवर दिली असती तर पोर वाचली असती. मला वाटतं इस्पितळ बदलण्यात सहा तास गेले तेच नडले. नक्की कशानं गेली? पुढचं मूल असंच होईल का? आणखी एक. माझ्या धाकट्या भावाचं बायकोच्या धाकट्या बहिणीशी जमलंय, दिवाळीनंतर लग्न आहे. ते करावं का?

एक वडील

उत्तर

तुमच्या मुलीचा आजार गर्भ राहिला त्याच क्षणी ठरलेला होता. विळी, ग्रहण, सिझर, वाटेत गेलेले सहा तास, यांतल्या कशानंही तो झाला नाही आणि यांतलं काहीही टाळून तो टळला नसता. हे आधी सांगतो, कारण तुमच्या पत्रातले निम्मे प्रश्न याच एका गोष्टीभोवती फिरतात. उरलेले निम्मे पुढचे आहेत. त्यांची उत्तरं तुम्हा दोघांच्या रक्ततपासणीवर अवलंबून आहेत, आणि तुमच्या पत्रात तिचा कुठेच उल्लेख नाही. हातात आहे तो अहवाल एकट्या बाळाचा.

फुफ्फुसात हवेच्या कोट्यवधी सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांना आतून ओल असते. ओल्या पिशवीचं काय होतं ते भाजी घेताना रोज दिसतं. पातळ प्लास्टिकचे दोन्ही पापुद्रे एकमेकांना चिकटून बसतात, बोटांनी चोळून चोळून तोंड उघडावं लागतं. बाळाच्या फुफ्फुसात तसं होऊ नये म्हणून या पिशव्यांच्या आतून साबणासारखा एक थर पसरलेला असतो. तोच सर्फॅक्टंट. पाण्याचा ताण तो मोडतो, म्हणून श्वास सोडल्यावरही पिशव्या पूर्ण मिटत नाहीत. थर नसेल तर प्रत्येक श्वास जन्मानंतरच्या पहिल्या श्वासाइतका जड जातो. तुमची मुलगी कण्हत होती ते दुखण्यानं नव्हे. श्वास सोडताना घसा अर्धवट मिटून आत थोडी हवा कोंडून धरायची, पिशव्या मिटू द्यायच्या नाहीत, ही बाळाची स्वतःची धडपड असते. ऐकणाऱ्याला ते कण्हणं वाटतं.

हा थर फुफ्फुसातल्या ठरावीक पेशी बनवतात. पेशीच्या आत कांद्यासारख्या पापुद्र्यांच्या बारीक गोळ्या तयार होतात, त्यांत स्निग्ध पदार्थ ठासून भरले जातात आणि मग गोळी पेशीबाहेर रिकामी होऊन थर पसरतो. गोळीत माल भरायचं काम एबीसीए-३ नावाचं प्रथिन करतं. मार्केट यार्डात हळद येऊन पडली आहे, पोती आहेत, बाहेर ट्रक उभा आहे, पण हमालच नाहीत, असं समजा. तुमच्या मुलीच्या पेशींत सगळं होतं, भरणारा नव्हता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अशा बाळाच्या पेशीतल्या गोळ्या खुरटलेल्या दिसतात, मधला गडद ठिपका एका कडेला सरकलेला, हाफ फ्राय अंड्याचा बलक कडेला घसरावा तसा.

आता ते महागडं औषध. गाय किंवा डुकराच्या फुफ्फुसातून काढलेलं हे तयार सर्फॅक्टंट असतं. दुधासारखं पांढरं, फ्रिजमध्ये ठेवतात, देण्याआधी कुपी तळहातात धरून कोमट करतात, खळखळवत नाहीत, नाहीतर फेस होतो. मात्रा वजनावर ठरते. डुकरापासूनचं असेल तर पहिल्या वेळी किलोमागे २०० मिलिग्रॅम, म्हणजे अडीच मिलिलिटर. तुमच्या मुलीच्या वजनाला ते साधारण ७ मिलिलिटर होतं. नंतरची मात्रा निम्मी. गाईपासूनचं एक औषध किलोमागे ४ मिलिलिटर द्यावं लागतं. श्वासनळीतल्या नळीतून ते थेट फुफ्फुसात जातं आणि पिशव्या उघडतात, म्हणून ऑक्सिजन ९० वरून ४५ वर आला. पण दिलेला थर वापरात झिजतो. दिवस कमी भरलेल्या बाळात ही झीज फार नडत नाही, कारण दोन-तीन दिवसांत त्याच्या पेशी स्वतःचा माल काढायला लागतात. तुमच्या मुलीच्या पेशी काढू शकत नव्हत्या. दहा-बारा तासांत बाहेरचं संपलं, गाडी मूळ जागी आली. तिसरी, चौथी, दहावी मात्रा देऊनही हेच झालं असतं.

दिवस भरलेलं बाळ, सर्फॅक्टंटनं काही तासांपुरता फरक आणि पुन्हा घसरण, ही या आजारांची सर्वांत बोलकी खूण आहे. ती ओळखूनच कुणीतरी जनुक तपासणी पाठवली. ज्यानं पाठवली त्याचं डोकं जागेवर होतं.

सर्फॅक्टंटचा अभाव हे बाळांच्या मृत्यूचं कारण आहे हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ साली दाखवलं. १९६३ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि याच कारणानं ३९ तासांत गेला. तेव्हा द्यायला औषधच नव्हतं. फुजिवारा यांनी जपानमध्ये बाळांना बाहेरून सर्फॅक्टंट देऊन दाखवलं ते १९८० साली. एबीसीए-३चा दोष नवजात बाळांत ओळखला गेला तो तर २००४ मध्ये. त्याआधी अशी बाळं ‘न्युमोनिया’ या नावाखाली जात होती.

मामींच्या मनातली इंजेक्शनं म्हणजे आईला देतात ती स्टेरॉइडची, बहुतेक ठिकाणी डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, दर बारा तासांनी, चार वेळा. मुदतीआधी प्रसूती होण्याची भीती असेल तेव्हा ती देतात. कच्च्या फुफ्फुसाचा कारखाना ती लवकर सुरू करतात. इथे कारखान्यातला एक माणूसच मुळात नव्हता, तेव्हा इंजेक्शनांनी काही साधलं नसतं. त्यातून ३८ आठवड्यांना ती सरसकट देतही नाहीत.

सहा तासांचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण दुसऱ्या काही आजारांत सहा तास खरोखर जीव घेतात. कळा न येता सिझर झालेल्या बाळाला तासाभरात धाप लागली तर पहिला संशय फुफ्फुसात राहिलेल्या पाण्याचा. ते दोन-तीन दिवसांत ओसरतं. मग जंतुसंसर्ग, मग गर्भातली शी छातीत जाणं, मग फुफ्फुसातल्या रक्तदाबाचा त्रास. धापेनं दाखल होणारी बहुतेक दिवस भरलेली बाळं यांतच बसतात. म्हणून डॉक्टर आधी ऑक्सिजन, प्रतिजैविकं, एक्स-रे याच वाटेनं जातात, आणि ते बरोबर आहे. आठवडा उलटून बाळ हलत नसेल तर मात्र नेहमीची यादी मिटवून दुसरी उघडायला हवी.

त्या दुसऱ्या यादीत एक आजार असा आहे की तो चुकला तर माफी नाही. फुफ्फुसाकडून शुद्ध रक्त आणणाऱ्या चार शिरा हृदयाच्या डाव्या कप्प्यात उघडायच्या ऐवजी भलतीकडे जोडलेल्या असतात आणि वाटेत आवळलेल्या असतात. एक्स-रे तुमच्या मुलीसारखाच पांढुरका, बाळ तसंच निळं. फरक एवढाच की याला शस्त्रक्रिया आहे, आणि ती तातडीनं झाली तर बाळ वाचतं. म्हणून ‘इको नॉर्मल’ एवढ्यावर थांबू नये. चारही शिरा डाव्या कप्प्यात येताना दिसल्या असं अहवालात लिहिलेलं असावं. तुमच्या मुलीचं कारण जनुकात सापडलं आहे, तरी तो कागद काढून ही ओळ बघून घ्या. मनातली एक शंका कायमची जाईल.

दुसरा आजार फुफ्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांचा. केशवाहिन्या कमी आणि शिरा चुकीच्या जागी. पहिल्या दोन दिवसांतच बाळ गंभीर होतं, फुफ्फुसातला रक्तदाब चढलेला असतो, नायट्रिक ऑक्साइड वायूनं काही तास बरं वाटतं आणि मग त्याचाही उपयोग होत नाही. वरवर तुमच्या मुलीसारखीच गोष्ट, पण यात दोष फॉक्स-एफ-१ या जनुकात असतो आणि बहुतेक वेळा तो बाळातच नव्यानं झालेला असतो. आईबापांकडे नसतो, म्हणून पुढच्या मुलाला धोका फारच कमी. निदान न करता ‘फुफ्फुस खराब होतं’ म्हणून फाइल मिटवली की या दोन घरांना एकच सल्ला मिळतो. तो एका घरासाठी चुकीचा असतो.

सर्फॅक्टंटच्याच घराण्यातला आणखी एक, सर्फॅक्टंटमधल्या प्रथिन-बीचा अभाव, तुमच्या मुलीच्या आजाराइतकाच कठोर आणि तसाच आईबाप दोन्हीकडून येणारा. एनकेएक्स-२-१ जनुकातल्या दोषात फुफ्फुसाबरोबर थायरॉइडही मंद असतो, त्यामुळे धापेच्या बाळाचा टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) वाढलेला दिसला तर ती योगायोगाची गोष्ट समजू नये. दिवस भरलेल्या बाळाला जन्मानंतर अर्ध्या-एका दिवसानं ऑक्सिजन लागायला लागला, तो आठवडेच्या आठवडे सुटेना, एक्स-रेत फुफ्फुसाचा वरचा भाग बसलेला आणि हृदय उजवीकडे, असं असेल तर श्वासमार्गातल्या सूक्ष्म केसांचा आजार बघावा. ही बाळं नीट काळजी घेतली तर जगतात.

आणखी एक फसवा प्रकार आहे, तो थोडा जवळून बघण्यासारखा. बाळ जागं असताना गुलाबी, दूध ओढतं, छाती ओढली जात नाही, धाप नाही. झोपलं की श्वास उथळ होत जातो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि बाळ त्याबद्दल कसलीच तक्रार करत नाही. फुफ्फुस ठणठणीत असतं. श्वास घेण्याचा मेंदूतला हुकूमच झोपेत सुटत नाही. दोष पीएचओएक्स-२-बी या जनुकात. त्यातला एक तुकडा एरवी २० वेळा येतो, या बाळांत तो २४ ते ३३ वेळा येतो. अशा बाळाची नेहमीची एक्सोम तपासणी (सगळी जनुकं एकदम वाचणारी) बरेचदा ‘काही सापडलं नाही’ म्हणून परत येते, कारण वाढलेली पुनरावृत्ती त्या पद्धतीत निसटते. त्या एका जनुकाची लांबी मोजणारी तपासणी वेगळी मागवावी लागते. हे न कळल्यामुळे अशी बाळं ‘व्हेंटिलेटर सुटत नाही’ म्हणून महिनोन्‌महिने अडकतात. खरं तर त्यांना फक्त झोपेपुरता यंत्राचा आधार हवा असतो, तोही घरी.

रडलं की गुलाबी आणि गप्प झालं, दूध प्यायला लागलं की निळं, असं दिसलं तर दोन्ही नाकपुड्यांतून ६ नंबरची सक्शनची नळी घशापर्यंत जाते का ते बघायचं. अडली तर नाकच मागून बंद आहे. आणि बाळ मऊ, लुळं, पोटात असताना हालचाल कमी, पाणी जास्त, एक्स-रे मात्र स्वच्छ, तर रोग स्नायूंचा किंवा मज्जातंतूंचा. जोरात, खोल, पण कष्ट न दिसणारा श्वास असेल तर अमोनिया आणि लॅक्टेट तपासतात. त्यात फुफ्फुस निर्दोष असतं, रक्तातलं आम्ल बाहेर टाकायला बाळ धापत असतं.

तुमच्याकडे परत येऊ. वाचवता आलं असतं का? जनुकाच्या दोन्ही प्रती, आईकडची आणि बापाकडची, पूर्ण निकामी करणारा बदल असेल तर अशी बाळं प्रत्यारोपणाशिवाय पहिल्या वर्षापलीकडे जात नाहीत. प्रथिन थोडंफार काम करत असेल असा सौम्य बदल असेल तर काही मुलं वाढतात, काही मोठीही होतात. जास्त मात्रेचं स्टेरॉइड, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, अॅझिथ्रोमायसिन ही औषधं करून बघतात. एखाद्याला फरक पडतो, बऱ्याच जणांना नाही, आणि कुणाला पडेल हे आधी सांगता येत नाही. तान्ह्या बाळाचं फुफ्फुस प्रत्यारोपण जगात मोजक्या ठिकाणी होतं, उदाहरणार्थ अमेरिकेत सेंट लुईस आणि ह्यूस्टनला. दुसऱ्या दिवसापासून व्हेंटिलेटरवर असलेल्या तेवीस दिवसांच्या बाळासाठी तुम्ही तो रस्ता चुकवलात असं नाही, तुमच्यासमोर तो नव्हताच.

वडिलांनी तुकडा द्यायला नकार दिला त्याचंही ओझं त्यांच्यावर ठेवू नका. जनुक अहवालात काहीच निघालं नसतं तर तो तुकडा लाखमोलाचा ठरला असता, आणि तोही फॉर्मेलिनबरोबर थोडा ग्लुटरअल्डिहाइडमध्ये ठेवला असता तरच, कारण ती हाफ फ्रायसारखी गोळी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. इथे अहवाल बोलला आहे.

आता तो अहवाल. होमोझायगस म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रतींत तोच बदल. तुमच्या घरात हे समजण्यासारखं आहे. तुमचे आजोळचे आजी-आजोबा तेच तुमच्या पत्नीचे वडिलांकडचे आजी-आजोबा. त्यांच्यातल्या एकाकडे हा बदल असावा, तो तुमच्या आईमार्फत तुमच्याकडे आणि मामांमार्फत तुमच्या पत्नीकडे आला असावा. एक प्रत बिघडलेली असून काही होत नाही, म्हणून दोन पिढ्यांत कुणाला पत्ताही लागला नाही. तुमच्या आईला हे नीट सांगा, दोष म्हणून नव्हे. सुनेनं विळी धरली का याची चौकशी करण्यापेक्षा हे ऐकलेलं बरं की बदल दोन्ही बाजूंनी सारखाच आला, आणि बहुधा त्यांच्याच आईवडिलांकडून.

‘असावा’ असं दोनदा लिहिलं, कारण ते सिद्ध व्हायचं आहे. तुम्हा दोघांचं २-३ मिलिलिटर रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए बाटलीत देऊन, त्याच लॅबमध्ये, तोच एक बदल सँगर पद्धतीनं (जनुकाचा तेवढाच तुकडा वाचून) तपासून घ्या. सगळा एक्सोम पुन्हा करायची गरज नाही. खर्च काही हजारांत बसतो. हे टाळून पुढे गेलेल्या घरांत काय होतं ते बघा. लॅबच्या यंत्राला होमोझायगस दिसतं ते दोन कारणांनी. एक, दोन्ही प्रतींत खरंच तोच बदल. दुसरं, एका प्रतीत बदल आणि दुसऱ्या प्रतीचा तो तुकडाच गळालेला, म्हणजे यंत्र एकच प्रत वाचतं आणि दोन समजतं. दोघांपैकी एकाकडेच बदल निघाला तर प्रती मोजणारी वेगळी तपासणी करावी लागते. तुकडा दुसऱ्याकडून गळालेला निघाला तर धोका तोच राहतो, पण गर्भात शोधायच्या गोष्टी दोन होतात. क्वचित बाळाला दोन्ही प्रती एकाच पालकाकडून मिळालेल्या असतात, तेव्हा पुढचा धोका जवळजवळ नसतो. आणि कधीकधी नमुन्यांची अदलाबदलही उघडकीला येते.

‘लाइकली पॅथोजेनिक’, म्हणजे बहुधा रोगकारक, हे पुढच्या निर्णयाला पुरेसं आहे. तिथे ‘व्हीयूएस’, म्हणजे अर्थ अनिश्चित, असं लिहिलेलं असतं तर त्याच्या आधारावर गर्भाचा निर्णय घेऊ नका असंच आम्ही सांगितलं असतं. तुमच्या ओळखीत कुणाच्या रिपोर्टवर तसं असेल तर त्यांना हे जरूर सांगा.

दोघंही वाहक, म्हणजे एकच प्रत बिघडलेले, ठरलात तर प्रत्येक गर्भारपणात चारात एक शक्यता आजाराची, चारात दोन तुमच्यासारखं निरोगी वाहक मूल, चारात एक बदलच नसलेलं. एकदा झालं म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो. दर वेळी नाणी नव्यानं उडतात. सोनोग्राफीत हा आजार दिसत नाही, कितीही चांगलं मशीन असू द्या.

सिझर झालेलं आहे, तेव्हा पुढच्या गर्भधारणेआधी साधारण दीड वर्ष जाऊ द्यायला स्त्रीरोगतज्ज्ञ सांगतील. हा वेळ तपासण्यांना पुरतो. दिवस राहिले की ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना घेता येतो: सोनोग्राफीखाली पोटातून सुई घालून वारेचे बारीक धागे काढतात. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर त्यानंतर अँटी-डीचं इंजेक्शन द्यावं लागतं. गर्भपाताचा धोका जाणत्या हातात शेकडा एकाहून कमी. १६व्या आठवड्यापासून गर्भजलाची, साधारण २० मिलिलिटर पाण्याची, तपासणी करता येते. उत्तराला दोन-तीन आठवडे धरा. आम्ही पहिली पद्धत सुचवतो ती कायद्याच्या वेळापत्रकामुळे. २०२१च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर, २० ते २४ मध्ये ठरावीक कारणांसाठी दोघांच्या मतावर गर्भपात होऊ शकतो, त्यापुढे वैद्यकीय मंडळ लागतं. वारेचं उत्तर १५-१६ आठवड्यांपर्यंत हातात येतं. गर्भजलाचं यायला १९-२० होतात आणि माणूस घाईत सापडतो. नमुन्याबरोबर आईचंही रक्त द्यायचं असतं, कारण आईच्या पेशी मिसळल्या तर उत्तर चुकतं. लॅबनं ती भेसळ तपासल्याचं अहवालात लिहिलेलं असावं. पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदणी असलेल्या केंद्रातच हे होतं, लेखी संमती लागते, आणि मुलगा की मुलगी हे सांगितलं जात नाही. विचारूही नका.

गर्भपात मनाला पटत नसेल तर टेस्ट ट्यूब पद्धतीनं गर्भ तयार करून, पाचव्या दिवशी त्यातल्या काही पेशी तपासून, निरोगी गर्भच गर्भाशयात ठेवण्याचा मार्ग आहे. खर्च लाखांत जातो आणि पहिल्या खेपेला यश येईलच असं नाही. त्यासाठी लॅबला तुमच्या घरापुरती तपासणी आधी बसवावी लागते, आणि तिथे तुमच्या मुलीचा डीएनए उपयोगी पडतो.

भावाचं लग्न. तुम्ही दोघं वाहक ठरलात तर तुमचा भाऊ वाहक असण्याची शक्यता निम्मी, मेहुणीचीही निम्मी. दोघंही वाहक असण्याची पाव, आणि त्यांच्या एखाद्या मुलाला आजार होण्याची १६ त एक. पण या आकड्यावर कुणी लग्न मोडू नये, कारण तो आकडाच तात्पुरता आहे. तुमचे दोघांचे अहवाल आले की त्या दोघांचं रक्त, तोच एक बदल, आणि १६ त एकाच्या जागी स्पष्ट उत्तर येतं. दोघांपैकी एकच वाहक निघाला किंवा एकही नाही, तर या आजाराची काळजी संपली. दोघंही निघाले तर त्यांच्यापुढे तुमच्यासारखेच मार्ग आहेत, फक्त त्यांना ते आधी कळलेले असतील. तपासणी त्या दोघांनी आपखुशीनं करावी, आणि उत्तर त्या दोघांच्याच हातात द्यावं. भावकीच्या बैठकीत ते वाचलं गेलं की मुलीच्या माथी ‘दोष’ बसतो, मुलाच्या नाही, हे आपल्याकडे फार बघायला मिळतं.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात जनुकशास्त्राची ओपीडी आहे. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण, २०२१ खाली नेमलेल्या केंद्रांपैकी ते एक. जवळच्या मोठ्या शहरात जनुक-सल्लागार मिळाला तर तोही चालेल. जाताना डिस्चार्ज किंवा मृत्यूचा सारांश, एक्स-रेच्या फिल्मा नाहीतर फोनवर काढलेले त्यांचे फोटो, इकोचा पूर्ण अहवाल, सर्फॅक्टंट कोणत्या दिवशी किती दिलं त्याची नोंद आणि जनुक अहवालाची सगळी पानं न्या. लोक पहिलंच पान नेतात आणि बदलाचा नेमका तपशील बहुधा मागच्या पानावर असतो. तुमच्या पत्नीला बरोबर न्या, आणि बोलणं त्यांच्यासमोर होऊ द्या. झोप, जेवण उडालं असेल, बाळाच्या कपड्यांपासून हलत नसतील, तर ते ‘होईल कमी’ म्हणून सोडू नका. बाळंतपणानंतरचं नैराश्य बाळ गेलेल्या आईलाही येतं आणि त्याला उपचार आहेत.

आणि एक काम या आठवड्यातच करा. लॅबकडे तुमच्या मुलीचा उरलेला डीएनए असतो, काही लॅब ठरावीक मुदतीनंतर तो टाकून देतात. फोन करून तो राखून ठेवायला सांगा, आणि तसं ईमेलनं लिहून घ्या. नमुन्याचा क्रमांक अहवालाच्या पहिल्या पानावर असतो.